बाबागाडी दोघांची, ढकलणारी एकटी

बडोद्याच्या वासणा रस्त्याकडच्या एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या वाचक मैत्रिणीचं हे पत्र. थोरली मुलगी सव्वादोन वर्षांची, धाकटा मुलगा दोन महिन्यांचा. नवऱ्याची नोकरी पाळ्यांची. सासू-सासरे दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहतात आणि रविवारी सगळे तिकडे जमतात. टोरांटोच्या नणंदेचं म्हणणं, "वहिनी, डबल स्ट्रोलर घ्याच, माझं तर त्याच्याशिवाय पान हललं नसतं." बावीस हजारांपर्यंतचे पैसेही ती आत्याची भेट म्हणून पाठवायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, "आम्ही तीन-तीन पोरं वाढवली, तेव्हा कुठे होत्या बाबागाड्या?" नवरा म्हणतो, "तुला हवी ती घे." थोरलीची एका आसनाची बाबागाडी माळ्यावर पडून आहे. दाराशी छोटी सीएनजी कार आहे. पूर्वी मुलीला अ‍ॅक्टिवावर पुढे उभी करून आई भाजीला आणि कमाटीबागेत जायची. बाळ झाल्यापासून ते बंद पडलं. प्रश्न असा की, शेजारी-शेजारी आसनांची गाडी घ्यावी की पुढे-मागे आसनांची? शेवटी ताजा कलम: "संध्याकाळी पाच वाजले की घर अंगावर येतं."

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतेच, पण आधी त्या ताज्या कलमाकडे येऊ द्या. बऱ्याच पत्रांत खरा मजकूर तिथेच असतो. मला जे दिसतं ते असं: कुणाला न विचारता, कुणाची पाळी संपायची वाट न बघता, दोन्ही पोरांना घेऊन संध्याकाळी तासभर बाहेर पडता यावं, एवढंच तुम्हाला हवं आहे. पूर्वी किल्ली उचलली की निघत होतात. ते गेलं आणि त्याच्या जागी अजून काही आलेलं नाही. हे मागणं अगदी रास्त आहे, आणि गाडी निवडायची ती याच मापाने.

"दोन मुलं, म्हणून दोन आसनं" हा हिशेब नणंदबाईंनी केला. दुकानदारही तोच करेल. तुम्हीही तो धरूनच चाललात आणि थेट कुठली गाडी घ्यायची इथवर पोहोचलात. माझा हिशेब जरा निराळा आहे. बाळ अंगाशी असताना, मदतीला कुणी नसताना, चौथ्या मजल्याच्या दारापासून सोसायटीच्या फाटकाबाहेर जी वस्तू तुम्ही एकट्या नेऊ शकता, ती तुमच्या कामाची. बाकी सगळं त्याच्या नंतर.

तर मोजपट्टी घ्या आणि लिफ्टपाशी जा. आपल्याकडच्या मध्यम सोसायट्यांत सहा माणसांची लिफ्ट सर्रास असते. तिचं दार साधारण ७० सेंटीमीटर रुंद आणि आतली खोली साधारण मीटरभर. शेजारी-शेजारी आसनांची गाडी बहुधा ७० ते ८० सेंटीमीटर रुंद असते, म्हणजे ती दारातच अडकायची. पुढे-मागे आसनांची गाडी साठ-पासष्ट सेंटीमीटरमध्ये बसते, दारातून सुरेख आत जाते, पण तिची लांबी मीटरहून बरीच जास्त असते. मग मागचं चाक बाहेर राहतं आणि दार बंद होत नाही. दोन्ही गाड्यांचा उपाय एकच: मुलांना उतरवा, गाडी मिटवा, लिफ्टमध्ये घाला, खाली उघडा, मुलांना परत बसवा. दोन महिन्यांचं बाळ हातात आणि सव्वादोन वर्षांची मुलगी पार्किंगमध्ये मोकळी, हे डोळ्यांसमोर आणून बघा. तुमची लिफ्ट आठ माणसांची असेल तर दार बहुतेक ८० सेंटीमीटरचं मिळेल आणि गणित थोडं बदलेल. म्हणून मोजा. कंपनीच्या कागदावर गाडीची रुंदी दिलेली असते. तिथे बघायचा तो आकडा सगळ्यात रुंद भागाचा, म्हणजे बहुतेक वेळा मागच्या चाकांमधला. आसनांची रुंदी बघून फसू नका.

त्याच मोजपट्टीने कारची डिकी मोजा. सीएनजी सिलिंडर डिकीत असेल तर उरलेल्या जागेत पिशव्या राहतात, फार तर एक छोटी सुटकेस. काही नव्या कारमध्ये सिलिंडर खाली बसवून डिकी मोकळी ठेवतात, तुमची तशी असेल तर उत्तम. नसेल तर दोन आसनांची गाडी रविवारी दांडिया बाजारात जाणार कशी? मागच्या सीटवर आडवी टाकली तर मुलं कुठे बसणार? बाळाला कारमध्ये वेगळं सीट हवं, मांडीवर किंवा कांगारू बॅगेत नेणं सुरक्षित नाही.

आता नणंदबाईंचं. त्या चुकीचं सांगत नाहीत. टोरांटोत फुटपाथ कोपऱ्याकोपऱ्यावर उतरता होतो आणि बसला चढायला उतरता फळा असतो. घरातून निघालेली गाडी मिटवल्याशिवाय दुकानापर्यंत जाते. तिथे डबल स्ट्रोलर म्हणजे खरोखर हातपाय आहेत. वासणा रस्त्यावर फुटपाथ सुरू होतो, मग कुणाच्या बंगल्याचा रॅम्प येतो, मग पाणीपुरीची लारी, मग उभी केलेली बाइक, आणि एखादी गाय निवांत बसलेली. तुम्ही गाडी रस्त्यावर उतरवता. दोन मुलं आणि गाडी मिळून तीस किलोच्या आसपासचा बोजा होतो. फुटपाथच्या कडेवर चढवताना दांडी खाली दाबून पुढची चाकं उचलावी लागतात, आणि पुढे-मागे आसनांच्या गाडीत वजनदार मूल पुढे असलं की ते फार जड जातं. शेजारी-शेजारी गाडीत एका बाजूला बारा किलो आणि दुसऱ्या बाजूला पाच किलो बसले की गाडी थोरलीच्या बाजूला ओढते. जुळ्यांना ही अडचण येत नाही, तुम्हाला येईल.

सासूबाईंचंही खरं आहे, पण अर्धं. बाबागाडी नव्हती हे बरोबर. पण दांडिया बाजारातल्या त्या घरात तेव्हा जावा होत्या, आजेसासूबाई होत्या, ओट्यावर शेजारच्या काकू होत्या. एक मूल एकीच्या कडेवर, दुसरं दुसरीच्या. सासूबाई संध्याकाळी पाच वाजता दोन पोरं घेऊन चौथ्या मजल्यावर एकट्या कधी होत्या? हे त्यांना ऐकवू नका, वाद होईल. पण त्यांच्या वाक्याने स्वतःला कमी लेखू नका.

एक गोष्ट मात्र गाडीच्या आकाराहून महत्त्वाची आहे आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. दोन महिन्यांच्या बाळाला बसतं आसन चालत नाही. मान धरलेली नसते, डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट आवळते. स्वतःहून नीट बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, आसन जवळजवळ सपाट होणारं हवं. पुष्कळ पुढे-मागे गाड्यांमध्ये दोनांपैकी एकच आसन पूर्ण आडवं होतं, आणि हलक्या शेजारी-शेजारी गाड्यांमध्ये कधीकधी एकही होत नाही. म्हणजे बावीस हजार देऊन आणलेली गाडी आणखी चार महिने बाळासाठी निरुपयोगी ठरू शकते. आणि चार महिन्यांनी थोरली कुठे असेल? अडीच वर्षं ओलांडलेली, पायी पळणारी, पट्टा लावला की कमान होऊन ओरडणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की मुलांना बाबागाडीत, खुर्चीत किंवा कुणाच्या पाठीला बांधून एका वेळी तासाभराहून जास्त अडकवून ठेवू नये, आणि एक वर्षापुढच्या मुलांना दिवसभरात मिळून तीन तास हालचाल मिळावी. तुमच्या मुलीला नेमकी तीच हालचाल हवी आहे. दोघांनाही ठरलेल्या आसनात बसवून फिरवण्याचं जे चित्र जाहिरातीत दिसतं, ते तुमच्या घरात मोजून काही महिने टिकेल.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर माळ्यावरची जुनी गाडी खाली काढली असती. चाकांत तेल घाला, ब्रेक तपासा, पट्टे धुवा. धाकटा कांगारू बॅगेत तुमच्या छातीशी, थोरली गाडीत. गाडी आठ-नऊ किलोची असेल तर ती मिटवून लिफ्टमध्ये नेता येते, आणि छत्रीसारखी मिटणारी असेल तर रिक्षात पायांशी मावते. या मिटणाऱ्या गाडीचा जनक ओवेन मॅक्लरेन हा विमानांचा अभियंता होता. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्याने काम केलं होतं. १९६५ साली त्याने हलक्या नळ्यांची, मिटवून काखेत मारता येईल अशी गाडी काढली. आपल्या रस्त्यांसाठी आजही मला तीच कल्पना सगळ्यात शहाणी वाटते.

कांगारू बॅग घेताना मात्र घाई नको. स्वस्त बॅगांमध्ये बाळाचे पाय सरळ खाली लोंबतात. चांगल्या बॅगेत बसल्यावर बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर राहतात आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार मिळतो. बाळाचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे, मान झुकवली की त्याच्या टाळूचा पापा घेता येईल इतकं ते वर असलं पाहिजे, आणि हनुवटी व छाती यांच्यात बोटभर जागा राहिली पाहिजे. बॅगेवर किमान वजन लिहिलेलं असतं, ते वाचा. आजीच्या जुन्या सुती साडीची झोळीही चालते, पण बांधायची पद्धत जाणत्या बाईकडून शिकून घ्या आणि पहिले दिवस घरातच फिरून बघा. ही बॅग बांधून अ‍ॅक्टिवावर बसायचा मोह होईल. तो आवरा. थोरलीलाही आता पुढे उभी करून नेऊ नका. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर न्यायचं तर हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग, असा केंद्राचा नियम २०२२ साली निघाला आहे.

बाळ बसायला लागलं की अदलाबदल करायची. बाळ गाडीत, आणि थोरलीसाठी गाडीच्या मागे जोडायची चाकांची पाटी मिळते, तिच्यावर ती उभी राहते. बहुतेक पाट्या वीस किलोपर्यंतचं मूल पेलतात. तुमच्या गाडीच्या नळ्यांना ती बसते का, हे आधी विचारा. तिचा एक त्रास आहे: चालताना आपल्या नडग्या पाटीला लागतात आणि हात लांब करून ढकलावं लागतं. पण मुलीला ती आवडते, कारण चढणं-उतरणं तिच्या हातात असतं. थोडं चालेल, थकली की पाटीवर उभी राहील.

जागांचाही विचार करा. बाळाच्या दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लशींसाठी दवाखान्यात जायचं आहे, तिथल्या वेटिंगमध्ये डबल गाडी उघडायला जागा मिळेल असं मला वाटत नाही. मंगळबाजाराच्या गर्दीत आणि गणपतीत दांडिया बाजारात कुठलीही गाडी नेऊ नका, तिथे बॅगच बरी, आणि थोरलीचा हात तिच्या बाबांकडे. खरी मजा कमाटीबागेची. १८७९ साली सयाजीरावांनी वसवलेल्या त्या बागेत चालायला रुंद, सावलीचे रस्ते आहेत. बाबागाडी चालवायला बडोद्यात इतकी चांगली जागा मला तरी दुसरी माहीत नाही. पण वासण्याहून तिथे जायचं म्हणजे रिक्षा, आणि रिक्षा म्हणजे मिटणारी गाडी. मुलीला आतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा दाखवायचा असेल तर तिथेही गाडी बाहेर ठेवून तिचं बोट धरलेलं सोपं. दांडिया बाजार कमाटीबागेपासून फार लांब नाही. सासऱ्यांना संध्याकाळी फिरायची सवय असेल तर आठवड्यातून एकदा तिथेच भेटायचं ठरवा. हा त्यांच्यावर उपकारही नाही आणि तुमचं परावलंबनही नाही, नातीला आजोबा भेटतील.

आता इतर वाचकांसाठी, कारण असं पत्र एकटं कधीच येत नाही. जुळी असतील तर दोन आसनांची गाडी घ्याच, आणि तीही शेजारी-शेजारी, दोन्ही आसनं सपाट होणारी. दोन मुलांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल आणि तुम्ही तळमजल्यावर किंवा बंगल्यात राहत असाल, सोसायटीच्या आत गुळगुळीत रस्ता असेल, तरीही घ्या. दोघांना रोज पाळणाघरात सोडायचं असेल आणि ते चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर पुढे-मागे आसनांची गाडी बरी पडते, दारांतून ती सहज जाते. एकाच मॉडेलच्या दोन साध्या गाड्या कड्यांनी जोडून घेणं हाही मार्ग आहे. हवं तेव्हा सोडवून एक तुमच्याकडे, एक आजीकडे. मॉडेल वेगवेगळी असतील तर जोडणी लचकते, तो प्रयोग नको.

दुकानात जाताना मुलं नेऊ नका, पिठाची दहा किलोची पिशवी आणि तांदळाची पाच किलोची न्या. दोन आसनांत ठेवा आणि गाडी वळवून बघा, एका हाताने. मग पिशव्या काढून गाडी मिटवून बघा, तीही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात बाळ असणार. दुकानदार हसेल. हसू दे. पट्टा खांद्यांवर, कमरेला आणि पायांमधून असा पाच ठिकाणी अडकणारा हवा. ब्रेक एकदा दाबला की दोन्ही बाजूंची मागची चाकं धरणारा हवा. पुढची चाकं मुठीएवढी असतील तर पहिल्याच खडीत अडकतील. बाबागाड्यांच्या सुरक्षिततेचं युरोपीय मानक ईएन १८८८, त्याचा पहिला भाग पंधरा किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि दुसरा बावीस किलोपर्यंतच्या. गाडीवर त्याचा उल्लेख असेल तर थोरलीच्या वजनाशी ताडून बघा. भाजीची पिशवी दांडीला टांगायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, पण मूल उतरवलं की गाडी मागे उलटते. भाजी खालच्या टोपलीत. आणि मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून टपावरून ओढणी टाकून सगळं झाकू नका. आत हवा कोंडते आणि बाळाला बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात गाडी संध्याकाळी सहाच्या आधी बाहेर काढायचीच नाही.

नणंदबाईंच्या बावीस हजारांचं काय, हा नाजूक भाग. नकार देऊ नका, दिशा बदला. "ताई, इथल्या लिफ्टमध्ये डबल मावत नाही, मी मोजलं. त्याऐवजी चांगली कांगारू बॅग आणि ती मागची पाटी तुमच्याकडून घेते" असं फोटोसकट कळवा. उरलेल्या पैशांत काही महिने रोज संध्याकाळी चार ते सहा या वेळेत एखादी बाई लावता येईल. ती बाळाला बघेल आणि तुम्ही मुलीला घेऊन खाली जाल, किंवा मुलीला तिच्याकडे देऊन एकट्याच. ही भेट मला गाडीपेक्षा मोठी वाटते, आणि नवऱ्याने हे "तुला हवं ते कर" म्हणून सोडून न देता स्वतः बाई शोधावी. त्याची सकाळपाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळच्या फेरीला थोरली त्याच्यासोबत जाऊ शकते, हेही त्याला सांगा.

घर अंगावर येतं त्याबद्दल. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, जीव घाबरा होणं सर्रास होतं, आणि ते बहुतेकदा दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचं बाळ दोन महिन्यांचं आहे. रोज तीच वेळ, तीच घालमेल, झोप मिळूनही झोप न लागणं, कशातच मन न रमणं, असं चालू असेल तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. याला उपचार आहेत आणि अंगावर पाजतानाही ते घेता येतात. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. गाडी आणण्याआधी हे करा.

आणि एवढं सगळं वाचून, लिफ्टचं दार ८० सेंटीमीटरचं निघालं, सोसायटीच्या ग्रुपवर कुणाची तरी डबल गाडी आठवडाभर वापरायला मिळाली, आणि तुम्हाला ती खरोखरच सोयीची वाटली, तर खुशाल घ्या. शेजारी-शेजारी घ्या, ७५ सेंटीमीटरच्या आतली, दोन्ही आसनं सपाट होणारी. बिल जपून ठेवा, थोरली शाळेत जायला लागली की ती विकता येईल.